वर्गातील दोन फुटी टाकीसाठी मासे: कोल्हापुरातील एका दुकानाचे परीक्षण

प्राथमिक शाळेच्या वर्गात मत्स्यटाकी ठेवायची असेल, तर माशांचा रंग, किंमत आणि मुलांचा हट्ट यांच्याही आधी एक चौकशी करावी लागते, ती म्हणजे शाळा सुटल्यावर शिपाईमामा मेन स्विच बंद करतात का. बहुतेक शाळांत करतात, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आणि शनिवारी शाळा सुटल्यापासून थेट सोमवारपर्यंत त्या टाकीत फिल्टर चालत नाही, हवेची मोटर चालत नाही आणि हीटरही चालत नाही. घरच्या टाकीसाठी दिले जाणारे बरेचसे सल्ले या एका कारणाने वर्गात निरुपयोगी ठरतात. आम्ही तिसरीच्या वर्गासाठी झाडांची छोटी टाकी आणि मासे शहराच्या मध्यवस्तीतील ज्या दुकानातून घेतले, त्याला मी चांगले दुकान म्हणते ते मुख्यतः एवढ्यासाठी, की तेथील मालकांनी माशांचा विषय निघण्यापूर्वीच विजेचा विषय काढला. दुकानाचे नाव येथे देत नाही. शाळेच्या खरेदीची जाहिरात होऊ नये, एवढाच त्यामागील हेतू आहे.

दुकान अरुंद आहे. दोन्ही भिंतींना लोखंडी रॅक, त्यांवर एकावर एक टाक्या, आणि प्रत्येक टाकीत तिचा स्वतंत्र स्पंज फिल्टर अशी तेथील मांडणी आहे. ही व्यवस्था दिसायला साधी असली तरी खरेदी करणाऱ्याच्या फायद्याची आहे, कारण सर्व टाक्यांतून एकच पाणी खेळवणाऱ्या दुकानात एका टाकीत लागलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उरलेल्या टाक्यांत पोहोचायला वेळ लागत नाही. माल कुर्ला आणि चेन्नई येथून येतो, असे मालकांनी सांगितले. नुकताच आलेला माल मागच्या रांगेत ठेवलेला होता, त्या टाक्यांवर ‘विक्री नाही’ असे स्केचपेनने लिहिलेले होते, आणि मी मागूनही त्यांतला मासा त्यांनी दिला नाही. प्रवासाने थकलेले मासे काही दिवस थांबवून मगच विकणे हे चांगल्या दुकानाचे पहिले लक्षण मानायला हरकत नाही. दुसरे लक्षण ग्राहकाला स्वतः तपासता येते. काचेसमोर शांतपणे उभे राहून मासे पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत आहेत का, पर अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात बसले आहेत का, आणि एखादा मेलेला मासा तसाच पडून आहे का, हे पाहावे. या दुकानात तसे काही आढळले नाही.

टाकीविषयी फार लिहीत नाही. दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच टाकीत काठोकाठ साधारण ५४ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरते. सगळे मिळून वजन पाऊणशे किलोच्या पुढे जाते, त्यामुळे बाक किंवा जुने टेबल यांवर ती ठेवू नये. आम्ही उद्यमनगरातून लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घेतला आणि तो भिंतीला पक्का केला. टाकी खिडकीसमोर ठेवली तर उन्हाने शेवाळ माजते, म्हणून ती आतल्या भिंतीशी ठेवली. फिल्टर व दिव्याच्या वायरी बोर्डापर्यंत सरळ न नेता आधी बोर्डाच्या पातळीखाली झोल देऊन मग वर घ्याव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बोर्डात न जाता खाली टपकते. लहान मुलांच्या खोलीत ही काळजी घ्यायलाच हवी.

तळाला घालण्यासाठी बहुतेक दुकानांत पांढऱ्या संगमरवरी खड्यांची पिशवी पुढे केली जाते. ते खडे चुनखडीचे असल्यामुळे हळूहळू पाण्यात विरघळतात आणि पाणी जड करतात. या दुकानात मालकांनी एका खड्यावर लिंबू पिळून फेस दाखवला आणि साधी धुतलेली जाड वाळू घ्यायला लावली, जी खड्यांपेक्षा स्वस्तही पडली. झाडांमध्ये त्यांनी वॅलिस्नेरिया, जावा मॉस, दगडाला दोऱ्याने बांधलेली अनुबियास आणि बाकोपा दिली. अनुबियासचा आडवा कंद वाळूत पुरला की कुजतो, म्हणून ती बांधूनच द्यायची, हे त्यांनी न विचारता सांगितले. बाकोपाची जुडी हातात घेतल्यावर ती आपली ब्राह्मीच आहे हे लक्षात आले, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला त्याचा चांगला उपयोग झाला. या चारही झाडांना कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लागत नाही आणि दिवसाकाठी सहा ते आठ तासांचा साधा एलईडी दिवा पुरतो, जो शाळेच्या वेळेत बरोबर बसतो. एका बाबतीत मात्र गैरसमज असतो. झाडे दिवसा उजेडात प्राणवायू देतात, पण रात्री तीही माशांप्रमाणे तो वापरतात. मोटर बंद असलेल्या खोलीत झाडे आहेत म्हणून मासे वाढवावेत, हा हिशेब त्यामुळे उलटा पडतो.

त्या दिवशी आम्हाला मासे मिळाले नाहीत. “बाई, झाडं आधी रुजूदेत. मासं काय पळून जात न्हाईत,” असे म्हणून मालकांनी पिशवी बांधायला नकार दिला. शहरातल्याच दुसऱ्या एका दुकानात आम्हाला टाकी, झाडे आणि पंचवीस मासे असा संच एकाच दिवशी बसवून देण्याची तयारी दाखवली गेली होती, त्या तुलनेत हा नकार मला महत्त्वाचा वाटतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडे शोषून घेतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी असतात, आणि नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मालकांनी आपल्या चालू टाकीतला एक जुना स्पंज आम्हाला मोफत दिला, त्यामुळे हा काळ कमी झाला. अशा स्पंजाबरोबर एखादा रोगही येऊ शकतो, हा धोका आहे. पण दुकानातल्या टाक्या नीट पाहिल्या असतील तर तो पत्करण्याजोगा आहे. हे जीवाणू प्राणवायूवर जगतात. बंद डब्याचा फिल्टर रात्रभर थांबला तर डब्यातल्या साचलेल्या पाण्यात ते गुदमरतात, उलट टाकीतच उघडा असलेला स्पंज निभावून नेतो. आमच्यासाठी महागडा फिल्टर त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवला, तो याच कारणाने.

आता माशांकडे येते. मुलांनी आधीच यादी केली होती, आणि तिच्यातले बहुतेक मासे मालकांनी एकेक करून बाद केले. गोल्डफिश वीतभर आणि त्याहून मोठा होतो, पाणी फार घाण करतो आणि कोवळी झाडे खाऊन टाकतो. एंजल फार रुंद नसला तरी उंच वाढतो, एक फूट पाण्यात कोंदटतो आणि मोठा झाला की लहान मासे गिळतो. काच साफ करतो म्हणून घरोघरी विकला जाणारा सकर फूटभर लांब होतो, आणि टाकीत मावेनासा झाला की लोक तो तलावात सोडतात. देशातील अनेक जलाशयांत हा दक्षिण अमेरिकी मासा आता ठाण मांडून बसला आहे. ‘शार्क’ म्हणून बोटाएवढी विकली जाणारी पिल्ले खाण्याच्या पंगाशियस माशाची असतात आणि ती मीटरभर वाढू शकतात. त्यांना घेण्याचा प्रश्नच नव्हता. मिस केरळ या नावाने मिळणारा लाल पट्ट्याचा मासा पाहून मला क्षणभर मोह झाला, कारण तो पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या नद्यांचा रहिवासी, आणि २०१३ साली त्याच्यासाठी केलेल्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असेच नाव दिलेले आहे. पण तो दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो, त्याला वाहते पाणी आणि लांब टाकी लागते, शिवाय निसर्गात तो संकटग्रस्त आहे. तो दुकानातच राहिला.

गप्पीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कोल्हापुरात कोणीही पहिला सल्ला गप्पीचाच देतो. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याने हा मासा गावोगावच्या हौदांत पोहोचवला आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याची पैदास केंद्रे असतात, आणि पालकांनाही तो ओळखीचा आहे. मासा काटक आहे, जड पाणी त्याला मानवते, आणि एका मिसळीच्या पैशात दोन-तीन जोड्या येतात. अडचण पुढे सुरू होते. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, साधारण चार आठवड्यांनी नवी वेत होते, आणि नर वेगळा केला तरी साठवलेल्या शुक्रपेशींवर ती पुढचे काही महिने पिल्ले देत राहते. पहिल्या वेतीला वर्गात आनंद होतो. तिसऱ्या वेतीपर्यंत ४५ लिटर पाण्यात गर्दी झालेली असते आणि मोटर बंद असलेल्या रात्री तीच गर्दी घातक ठरते. हौस असेलच तर फक्त नर घ्यावेत, रंगही त्यांनाच असतो. पाणी बोअरचे असेल तर मॉलीही चालते, पण तिलाही हेच लागू आहे आणि ती आकाराने मोठी होते.

निऑन टेट्रावर सगळ्या मुलींचे एकमत होते. निळ्या-तांबड्या पट्ट्याचा हा अमेझॉन खोऱ्यातला मासा झाडांच्या टाकीत खरोखर देखणा दिसतो, आणि तो लहानच राहतो. पण त्याला जुनी, स्थिरावलेली टाकी आणि २२ ते २६ अंशांच्या दरम्यान फारसे न बदलणारे तापमान लागते. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरच्या रात्री चांगल्याच गार असतात, आणि रविवारभर बंद असलेल्या खोलीत हीटरशिवाय पाणी त्याच्या सोयीच्या खाली जाते. मालकांनी निऑन विकायला सरळ नकार दिला नाही, पण पहिला हिवाळा जाऊ द्या म्हणाले. फायटर (बेट्टा) या भांडखोर माशाबाबत माझे मत मालकांपेक्षा वेगळे आहे. ते त्याला वर्गासाठी नको म्हणतात, कारण एकच मासा आणि बघणारे चाळीस. मला वाटते, ज्या शाळेत दोन फुटी टाकीला जागा नाही तेथे वीस लिटरच्या झाकणाच्या टाकीत, झाडांमध्ये एकटा नर फायटर हा उत्तम पर्याय आहे. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला श्वास घेऊ शकतो, त्यामुळे मोटर बंद पडण्याची त्याला तितकी झळ लागत नाही. थंडी मात्र त्यालाही सोसत नाही, आणि काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवणे ही क्रूरताच आहे.

शेवटी आम्ही आठ झेब्रा घेतले. दुकानात हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मासा असतो, पण वर्गासाठी त्याहून योग्य मासा मला तरी दिसला नाही. भारतीय उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा हा रहिवासी आहे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातून त्याची शास्त्रीय नोंद केली. चार-पाच सेंटिमीटरवर त्याची वाढ थांबते आणि १८ अंशांपासून २८ अंशांपर्यंतचे पाणी त्याला चालते, म्हणजे हीटर नसलेला आमचा हिवाळा त्याला जड जात नाही. तो दिवसभर थव्याने पोहत असतो, त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलालाही टाकीत काहीतरी चालले आहे हे दिसते. थवा मोडला तर मात्र तो एकमेकांच्या मागे लागतो, म्हणून सहाच्या खाली घेऊ नये. उडी मारतो, म्हणून झाकण हवेच.

झेब्राची खरी किंमत त्याच्या अंड्यांत आहे. त्याचा गर्भ पारदर्शक असतो, म्हणूनच तो जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळला जातो. सडपातळ आणि सोनेरी झाक असलेला नर व पोटाशी फुगीर, चंदेरी मादी हा फरक मुले थोड्या सरावाने ओळखू लागतात. सकाळी उजेड पडताच मादी अंडी टाकते, आणि मोठे मासे ती लगेच खातात. यावरचा जुना उपाय मालकांनी सांगितला: तळाच्या एका कोपऱ्यात उथळ बशीभर गोट्या ठेवाव्यात, म्हणजे अंडी गोट्यांच्या फटींत पडतात आणि माशांचे तोंड तेथे पोहोचत नाही. मुलांनी गोट्या आनंदाने दिल्या. बशीतली अंडी काचेच्या वाटीत काढून भिंगाखाली धरली की दुसऱ्या दिवशी आतला जीव वळवळताना आणि त्याचे हृदय धडधडताना दिसते, आणि दोन ते तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही चित्रापेक्षा हे जास्त शिकवते, आणि गप्पीसारखी गर्दीही होत नाही, कारण बाजूला काढाल तेवढीच पिल्ले वाढतात.

त्यांच्या जोडीला काही चेरी कोळंब्या घेतल्या. त्या झाडांवरचे मऊ शेवाळ आणि उरलेले खाद्य खातात, जावा मॉसमध्ये लपतात, आणि अधूनमधून कात टाकतात. वाळूवर पडलेली ती पारदर्शक कात, मिशा-पायांसकट, मुलांना पहिल्यांदा मेलेली कोळंबीच वाटली. ती उचलून कागदावर वाळवल्यावर वर्गाच्या संग्रहात गेली. तांबे असलेले औषध कोळंबीला मारक असते, त्यामुळे माशांसाठी दुकानातून औषध घेताना कोळंब्या आहेत हे सांगायला विसरू नये. शांत टाकी हवी असलेल्यांनी झेब्राऐवजी हनी गुरामीची जोडी पाहावी. हाही आपल्याच उपखंडातला मासा, नर विणीच्या काळात मधाच्या रंगाचा होतो आणि पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो. पण धांदरट झेब्राबरोबर तो बुजतो आणि खाद्यात मागे पडतो, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नयेत.

दुकानाच्या सेवेतली एक चांगली गोष्ट म्हणजे पाण्याची तपासणी. आमच्या शाळेत नळाचे आणि बोअरचे, दोन्ही पाणी येते. दोन्हींच्या बाटल्या नेल्यावर पट्टी बुडवून बोअरचे पाणी जास्त जड असल्याचे त्यांनी दाखवले आणि नळाचेच वापरा म्हणून सांगितले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते काढायला सोडियम थायोसल्फेटचे थेंब लागतात, आणि पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ झाल्यावर क्लोरीनचा वास वाढला की मात्राही पाहून घ्यावी लागते. त्यांना न सुचलेला धोका मात्र शाळेतच असतो. गच्चीवरची टाकी धुऊन तीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की त्या दिवशीचे पाणी माशांसाठी विषच असते. ही धुलाई कधी होते हे शिपाईमामांना विचारून त्या दिवशी पाणी बदलणे टाळावे.

तक्रारीही आहेत. दर्शनी टाकीत गुलाबी, निळे आणि हिरवे केलेले विडो टेट्रा ठेवलेले होते. हे रंग जन्मजात नसतात. मासे रंगात बुडवून किंवा त्यांना टोचून ते चढवलेले असतात, काही महिन्यांत विटतात, आणि त्या छळामुळे मासे रोगाला लवकर बळी पडतात. इतक्या जाणत्या माणसाने ते विकावेत हे मला पटले नाही, आणि मी तसे बोलूनही दाखवले. लहान मुले आत शिरताच तेथेच थांबतात, म्हणूनच ते तेथे ठेवले आहेत, हे उघड आहे. दुसरी तक्रार माशांच्या नावपट्ट्यांची: नाव आणि दर आहे, पण मासा किती मोठा होतो हे कोठेही लिहिलेले नाही. मालक दुकानात असतील तर ते तोंडी सांगतात, काउंटरवरचा मुलगा सांगत नाही. तिसरी पक्क्या पावतीची. शाळा व्यवस्थापन समितीपुढे हिशेब ठेवायचा असतो, आणि त्यासाठी पावती पुन्हापुन्हा मागावी लागली.

महिन्याच्या देखभालीची त्यांची सेवा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आलेल्या माणसाने स्पंज थेट नळाखाली धरून स्वच्छ केला, म्हणजे क्लोरीनच्या पाण्याने त्यातले जीवाणू मारले. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा असतो. हे काम तिसरीची मुले मोठ्यांच्या देखरेखीखाली नीट करतात: आठवड्यातून एकदा पाव भाग, म्हणजे साधारण बादलीभर पाणी बदलायचे, आणि नंतर प्रत्येकाने साबणाने हात धुवायचे. खाद्याचे काम हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेकाला द्यावे, दोन मिनिटांत संपेल तेवढेच टाकावे, आणि डबा कपाटात कुलपात ठेवावा. चाळीस हातांनी थोडेथोडे टाकले तर टाकी आठवड्यात नासते. शनिवार-रविवार उपास घडला तरी झेब्राला काही होत नाही. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी मात्र जवळ राहणाऱ्या एका पालकाची व्यवस्था आधीच करावी. दुकानात मिळणारे सुट्टीचे खाद्य-ठोकळे पाणी बिघडवतात, ते घेऊ नयेत.

वाढलेले किंवा नकोसे झालेले मासे हे दुकान परत घेते. पैसे मिळत नाहीत, पण तेवढ्या किमतीचे खाद्य किंवा झाड मिळते. खरेदीपूर्वी ही अट विचारून घ्यावी, कारण रंकाळ्यात किंवा पंचगंगेत टाकीतले मासे सोडणे हा पर्याय असूच नये. दुकानात जायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. मालक स्वतः जाळी धरतात, मासे निवडून देतात, आणि बोलायला त्यांना वेळ असतो. रविवारी संध्याकाळी ते शक्य होत नाही.